‘३० दिवसांत पहिलं पान’: यात चूक काय आणि धोका कुणाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. दापोलीजवळ तुमचा ६ खोल्यांचा होमस्टे आहे. साइट आहे, पण गूगलवर शोधलं तर ती कुठेच दिसत नाही. एका एजन्सीने ३० दिवसांत पहिल्या पानाची गॅरंटी दिली आहे. पॅकेजमध्ये १,५०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून तुमच्या साइटला दिलेल्या लिंका), आजूबाजूच्या गावांच्या नावाने ६० पानं आणि ५० फाइव्ह-स्टार रिव्ह्यू. दुसऱ्या माणसाने सहा-आठ महिने सांगितलेत, गॅरंटी देत नाही, आणि पैसे जवळपास तेवढेच मागतोय. तुम्ही विचारताय, “सगळेच करतात, मग यात अनैतिक ते काय? आणि गूगल खरंच पकडतं का?”

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पॅकेज विकणाऱ्यांना ते एकत्र मिसळलेलेच बरे वाटतात. गूगल ही खासगी कंपनी आहे. तिचे नियम म्हणजे कायदा नव्हे. एखाद्या ट्रॅव्हल ब्लॉगवाल्याला चार पैसे देऊन तुम्ही लिंक घेतलीत तर गूगलचा नियम मोडलात, पण तुमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्याचं त्यात फारसं बिघडत नाही. उलट ५० खोटे रिव्ह्यू टाकलेत, तर ते वाचून पुण्याहून पोराबाळांना गाडीत घालून घाट उतरून आलेल्या माणसाला तुम्ही फसवलंत. गूगलला ते कळो वा न कळो. साइट शोधात वर आणण्याच्या या धंद्यात ‘व्हाइट हॅट’ (नियमात बसणारं) आणि ‘ब्लॅक हॅट’ (नियम मोडणारं) असे दोन कप्पे करतात, पण त्यात हा फरक दिसतच नाही. म्हणून काम घेताना मी एवढंच विचारतो, की यात फसतंय कोण: माणूस, गूगलचं यंत्र की कुणीच नाही? आणि उद्या अंगाशी आलं तर भुर्दंड कुणाच्या खिशातून जाणार?

गूगलच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत एक कसोटी दिलेली असायची: शोधयंत्रं नसतीच, तरी तुम्ही हे केलं असतं का? कसोटी चांगली आहे, पण पुरेशी नाही. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यंत्रासाठीची यादी, कुणी माणसांसाठी बनवत नाही. पानाचं शीर्षक ‘होम’ न ठेवता ‘कर्दे किनाऱ्यावरचा घरगुती होमस्टे’ असं ठेवणं हेसुद्धा बऱ्याच अंशी यंत्रासाठीच असतं. त्यात फसवणूक काहीच नाही, कारण जे आहे तेच तुम्ही यंत्राला समजेल अशा भाषेत सांगताय. यंत्रासाठी केलं म्हणजे पाप, असं समजू नका.

आता पॅकेज एकेक करून उघडू. आधी लिंका.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना जी पद्धत मांडली, तिचं मूळ सोपं होतं. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत दिलं, आणि ज्याला स्वतःला बरीच मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. मताला किंमत आली की मतं विकत मिळायला लागतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. गेली वीस-पंचवीस वर्षं गूगलची बरीच ताकद हीच खरेदी ओळखण्यात गेली आहे.

या बाबतीत मी नेहमी जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं उदाहरण देतो. २०१० च्या नाताळच्या हंगामात ही कंपनी कपड्यांपासून चादरी आणि गालिच्यांपर्यंत असंख्य शब्दांना गूगलवर पहिली येत होती. न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेतला, तर शेकडो असंबद्ध साइट्सवरून तिला हजारो लिंका दिलेल्या सापडल्या. त्यात घोरण्यावरच्या साइट्स होत्या, कुत्र्यांवरच्या होत्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरच्यासुद्धा. फेब्रुवारी २०११ मध्ये वर्तमानपत्राने गूगलला हे दाखवलं. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांसाठी जी कंपनी संध्याकाळी सात वाजता पहिली होती, ती दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. कंपनी म्हणाली, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिने आपल्या एसईओ (साइट शोधात वर आणण्याच्या कामाच्या) सल्लागाराला काढून टाकलं. खरं असेलही. पण खाली गेली ती कंपनीची साइट. सल्लागाराचं काम गेलं, बस्स. तुमच्या एजन्सीचा करार वाचताना हा भाग डोक्यात ठेवा.

तेव्हा असं माणसाच्या हाताने व्हायचं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि लिंकांचा बाजार करणाऱ्या साइट्स यंत्रच खाली ढकलू लागलं. २०१६ पासून पेंग्विन मुख्य प्रणालीतच मुरला आहे. आता बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या हिशेबातून वगळल्या जातात. म्हणजे “पकडतं का?” या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की बऱ्याचदा काहीच होत नाही. ना शिक्षा, ना फायदा. १,५०० लिंकांची एक्सेल शीट तुमच्या हातात येते, पैसे जातात, साइट आहे तिथेच राहते. मी पाहिलेल्या गिऱ्हाइकांत हा प्रकार शिक्षा होण्यापेक्षा खूप जास्त आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण गाजावाजा होण्यासारखं त्यात काही नसतंच. माणसाने तपासून केलेली कारवाई आजही होते. तिची नोटीस सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकासाठी गूगलने दिलेल्या खात्यात) ‘मॅन्युअल ॲक्शन’ म्हणून येते, आणि ती मागे घ्यायला साफसफाई करून अर्ज करावा लागतो. तोपर्यंत मे महिन्याचा हंगाम गेला तर गेला.

त्या १,५०० लिंका येतात कुठून, हेही एकदा विचारा. काही खास याच कामासाठी उभारलेल्या रिकाम्या साइट्सवरून, काही लोकांच्या ब्लॉगवरच्या टिप्पण्यांतून. आणि काही चक्क कुणाच्या तरी साइटमध्ये घुसून लपवलेल्या असतात. शाळा-कॉलेजांच्या, संस्थांच्या ज्या साइट्सकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं, त्यांच्या पानांत डोळ्यांना न दिसणाऱ्या लिंका घुसडल्या जातात. हे नियम मोडण्याच्या पलीकडचं आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून भिंतीवर स्वतःची जाहिरात रंगवण्याइतकं ते सरळ बेकायदा आहे, आणि जाहिरातीवर नाव तुमचं असतं.

मग लिंका मिळवायच्याच नाहीत का? मिळवा ना. किनाऱ्याने सायकलवर जाणारे गट तुमच्याकडे उतरतात, त्यांच्या प्रवासवर्णनात तुमचं नाव येऊ दे. स्थानिक पर्यटन संस्थेच्या यादीत नाव घाला. एखाद्या पक्षिनिरीक्षकाला खोली स्वस्तात दिलीत आणि त्याने लिहिलं, तर ती सवलत मिळाल्याचं त्याला स्पष्ट लिहायला सांगा. पैसे देऊन जाहिरातीची लिंक घ्यायची असेल तर तीही घ्या, फक्त त्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावून घ्या. ही खूण गूगलने २०१९ मध्ये आणली. त्याआधी २००५ पासून ‘नोफॉलो’ (ही लिंक मत म्हणून मोजू नका, असं सांगणारी खूण) होतीच. जाहिरात ही जाहिरात म्हणून दिसली की नियमही मोडत नाही. जाता जाता एक गंमत. जानेवारी २०१२ मध्ये गूगलच्याच क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेत पैसे देऊन ब्लॉग लिहून घेतल्याचं उघड झालं, तेव्हा गूगलने क्रोमचं स्वतःचं पान ६० दिवस खाली टाकलं होतं.

दुसरी गोष्ट, ६० गावांची पानं. ‘हर्णैमधील सर्वोत्तम होमस्टे’, ‘मुरूडमधील सर्वोत्तम होमस्टे’, ‘आंजर्ल्यातील सर्वोत्तम होमस्टे’, ‘केळशीतील…’ आणि प्रत्येकात तोच मजकूर, गावाचं नाव तेवढं बदललेलं. याला ‘डोअरवे पेज’ म्हणतात. दार वेगळं, आत खोली तीच. हेही जुनंच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने यादीतूनच काढून टाकली होती. ‘वापरलेल्या गाड्या’ या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरलेली पानं यंत्राला दाखवायची आणि माणूस आला की त्याला तिथून दुसऱ्याच पानावर पाठवायचं, असा तो प्रकार होता. पानं काढल्यावर काही दिवसांत साइट परत आली. बीएमडब्ल्यू परत यावी ही लोकांचीही गरज असते. तुमच्या-माझ्या साइटसाठी कुणी एवढी घाई करणार नाही.

पण इथे हेही सांगायला हवं, की गावांची पानं करणं ही कल्पना मुळात वाईट नाही. एजन्सीने ती आळसाने केली म्हणून ती वाईट झाली. तुम्ही तिथे राहता. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव कधी भरतो, नवख्या माणसाने तिथे भाव कसा करायचा, कुठे उभं राहायचं हे तुम्हाला माहीत आहे. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा लिलाव बघायला येऊ नका, हे तुम्ही लिहिलंत तर मुंबईहून येणाऱ्या माणसाचा हेलपाटा वाचेल. सुवर्णदुर्गला जायला होडी कुठून मिळते आणि समुद्र कसा असला की होडीवाले नाही म्हणतात? आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला वयस्क माणसाला घेऊन जाता येतं का, गाडी कुठपर्यंत जाते? वेळासला कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात, पण नेमकी कधी दिसतील हे घरट्यांवर अवलंबून असतं. ‘गॅरंटीने दिसतील’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, असंच त्या पानावर लिहा. खेड स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय, शेवटची एसटी कधी, रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांनी काय करायचं? अशी सहा-सात पानं झाली तरी पुष्कळ. ६० पानांइतकं सांगण्यासारखं तुमच्याकडे नाही, कुणाकडेच नसतं.

एआयकडून लिहून घेऊ का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम वाढवले, त्यात घाऊक मजकुराचा मुद्दा घातला. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, यापेक्षा तो केवळ क्रमांकासाठी ढिगाने पाडला आहे का, यावर त्यांचा रोख आहे. तेव्हा शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी भाषांतर करायला खुशाल वापरा. पण हर्णैच्या लिलावात काल सुरमई काय भावाने गेली, हे एआयला विचारू नका. ते काहीतरी ठोकून देईल आणि खाली नाव तुमचं असेल.

तिसरी गोष्ट रिव्ह्यूंची, आणि इथे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. लिंकांबद्दल मी तुमच्याशी वाद घालेन, थोडं इकडेतिकडे मान्यही करेन. खोट्या रिव्ह्यूंचं काम मी घेत नाही आणि जो घेतो त्याच्याबरोबर काम करत नाही. इथे फसणारा माणूस आहे. तो ज्या ५० जणांच्या शब्दावर विसंबून पैसे भरतो, ते ५० जण कधी तुमच्या अंगणात आलेलेच नाहीत. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याबद्दल भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं आहे. ते ऐच्छिक आहे हे खरं. म्हणून खोटेपणा ऐच्छिक ठरत नाही.

दोन छोट्या गोष्टी, ज्या चांगली माणसंही नकळत करतात. ‘रिव्ह्यू टाका आणि सोलकढी फुकट’ ही पाटी काढून टाका. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं गूगलला चालत नाही. आणि खूश दिसणाऱ्या पाहुण्यालाच लिंक पाठवायची, कुरकुरणाऱ्याला नाही, हेही नियमात बसत नाही. निघताना सगळ्यांना एकच मेसेज पाठवा. एखादा तीन तारे देईल, गरम पाणी वेळेवर मिळालं नाही म्हणून लिहील. त्याला खाली सभ्यपणे उत्तर द्या आणि गीझर दुरुस्त करा. माझ्या पाहण्यात असं आहे, की सगळेच पाच तारे असलेल्या यादीपेक्षा अशी दोन-चार उत्तरं वाचून लोक लवकर फोन करतात.

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लपवणं, यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं दाखवणं, यावर वेळ घालवत नाही. कुणी सुचवलं तर त्याला तिथेच नमस्कार करा. आणि ‘मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) टाकून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. क्रमांक ठरवताना तो टॅग आपण वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे.

“पण शेजारचा हेच करून वर आलाय ना!” असं तुम्ही म्हणाल. आला असेल. काळ्या युक्त्या कधीच चालत नाहीत असं सांगणारा एकतर नवखा आहे किंवा तोही काहीतरी विकतोय. काही महिने चालतात, कधी त्याहून जास्त. सट्ट्याच्या साइट्स, झटपट कर्जाची फसवी ॲप्स यांचं गणित त्यावरच उभं असतं. डोमेन (साइटचा पत्ता) घ्यायचं, चार महिने ओरबाडायचं, ते जळालं की नवं घ्यायचं. त्यांना नावाशी देणंघेणं नसतं. तुमचं नाव मात्र फाटकावर रंगवलेलं आहे, गेल्या वर्षीच्या पाहुण्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे. ते जाळून नवं घेता येत नाही. शिवाय शेजारी नेमका कशामुळे वर आला, हे बाहेरून सांगता येत नाही. कदाचित त्याच्या गूगल नकाशावरच्या जुन्या खऱ्या रिव्ह्यूंमुळे तो वर असेल, आणि लिंकांचे पैसे फुकट गेले असतील.

आता तुमच्या साइटबद्दल. पत्ता दिलाय म्हणून पाहिली, आणि एक मोठं कारण लगेच दिसलं. दरपत्रक, जेवणाचा मेनू, खोल्यांची माहिती हे सगळं चित्रांत आहे. डिझायनरने छान बॅनर करून दिलेत, पण शोधणाऱ्या यंत्राला वाचायला पानावर अक्षरं जवळजवळ नाहीतच. ‘आमच्याविषयी’चं पान तर जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं दिसतंय. माणसाला तो फाँट असेल तर मराठी दिसतं, यंत्राला मात्र रोमन अक्षरांची खिचडी. मराठी छोट्या व्यवसायांच्या साइट्समध्ये हा रोग फार आहे, आणि त्याला १,५०० लिंकांनी गुण येत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये साधा टाइप करून घ्या. शोधणारे बरेचसे लोक रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून इंग्रजी पानही ठेवा. पण एकाच पानावर ‘होमस्टे, होम स्टे, दापोली होमस्टे, बेस्ट होमस्टे’ अशी माळ ओवू नका.

दुसरं, गूगल नकाशावरची तुमच्या होमस्टेची नोंद. तुमच्यासारख्या व्यवसायाला साइटपेक्षा ती जास्त पाहुणे देते. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल स्वतःच सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी. नाव फाटकावर आहे तेच ठेवा. त्यापुढे ‘बेस्ट सी फेसिंग एसी रूम’ चिकटवलंत तर नोंद निलंबित होऊ शकते. पिन नेमक्या वळणावर आहे का, फोन चालू आहे का, पावसाळ्यात बंद असता तर तसं लिहिलंय का, हे बघा. खोलीचे फोटो खरे, न्हाणीघराचासुद्धा टाका. लोक तोच शोधतात.

आणि अपेक्षा थोडी आवरती घ्या. ‘दापोली होमस्टे’ एवढ्या मोघम शब्दाला वर मोठ्या बुकिंग कंपन्या आणि नकाशा असतो. ६ खोल्यांच्या साइटने त्यांना मागे टाकणं जवळजवळ अशक्य आहे, आणि गरजही नाही. ‘कर्दे किनारा घरगुती मासे जेवण’, ‘वेळास कासवं राहण्याची सोय’ असल्या नेमक्या शोधांतून येणारे थोडे लोक तुमच्या खोल्या भरायला पुरतात. किती दिवसांत, हे स्पर्धेवर, साइटच्या वयावर, तुम्ही किती लिहिता यावर अवलंबून आहे. बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलकडूनही सांगितलं गेलं आहे. त्यामुळे तुमचा सहा-आठ महिने म्हणणारा माणूस टाळाटाळ करत नाहीये. मात्र त्यालाही आंधळेपणाने काम देऊ नका. दर महिन्याला नेमकं काय बदललं हे लेखी द्यायला सांगा, आणि तो जे करतोय ते पाहुण्यासमोर उघड सांगायची वेळ आली तर सांगेल का, हे त्याला तोंडावर विचारा.

करार कुणाशीही करा, डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि नकाशावरची नोंद ही चारही खाती तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावाने हवीत. त्यांना फक्त वापरायची परवानगी द्या. माझ्याकडे आलेल्या एका हॉटेलवाल्याचं डोमेनच एजन्सीच्या नावावर निघालं होतं, आणि भांडण झाल्यावर त्याला नवीन नावाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पहिला हप्ता देण्याआधी हे आजच तपासून घ्या.